कागदावर कुंता, वहीत पार्वता

२ जानेवारी १९८३

काल गुलाब जवाहरनगरहून आला आणि येताना ही डायरी घेऊन आला. दर वर्षी आणतो. त्याला कुठून तरी एक मिळते, ती स्वतः न ठेवता मला देतो. मागच्या दोन्ही डायऱ्या आमच्या घरच्यांनी, म्हणजे ह्यांनी, आपल्या सायकलच्या दुकानात नेल्या आणि पंक्चरवाल्यांची नावं लिहून संपवल्या. ही मी पेटीत कुलपात ठेवणार आहे.

गुलाब माझा धाकटा भाऊ. आई-बाप एकाच पावसाळ्यात गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी नुकती सातवी पास झालेली. मी बिड्या वळल्या आणि त्याला शिकवलं. मॅट्रिक केलं, भंडाऱ्याला टायपिंगच्या क्लासला घातलं. आज तो सरकारी नोकर आहे, क्वार्टरात राहतो, पंख्याखाली झोपतो. अड्याळात मी कोणाच्याही घरी गेले की पाच मिनिटांत गुलाबचा विषय काढते, असं आमचे घरचे म्हणतात. काढते. का काढू नये?

या वेळी तो माझी वही घेऊन गेला. तिच्याबद्दल लिहून ठेवते. चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या तेवीस बायकांनी बँकेकडून बकऱ्यांसाठी कर्ज घेतलं. साहेबाला नावं सांगायला, अंगठे घ्यायला, हप्ते गोळा करायला लिहिता येणारी बाई हवी होती. तशी मी एकटीच. म्हणून आमच्या महिला मंडळाची अध्यक्षही मी, सेक्रेटरीही मी आणि शिव्या खाणारीही मीच. बँकेचे कागद बँकेत, माझी वही माझ्याकडे. वहीत मी जे खरं तेच लिहिते. विहारात खोटं बोलणार नाही म्हणायचं आणि घरी येऊन वहीत खोटं लिहायचं, हे मला जमत नाही. म्हणून कुंताबाईच्या नावासमोर लिहिलं आहे, ‘कागदावर कुंता, चार बकऱ्या. खऱ्या दोन कुंताच्या, दोन पार्वताच्या.’

पार्वता माझी लहानपणापासूनची. रोज दुपारी सूप घेऊन माझ्या ओट्यावर येते आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून बिड्या वळतो. तिचा नवरा नत्थू राइस मिलमध्ये पोती वाहतो. त्याचा बाप एका सावकाराच्या कर्जापायी जन्मभर राबून मेला. बाप गेला त्या दिवशी नत्थूने बाबासाहेबांच्या फोटोसमोर शपथ घेतली की माझ्या घरात कर्जाचा पैसा येणार नाही. माणूस चांगला, पण शपथेपुढे कोणाचं ऐकत नाही. पार्वताला तर बकऱ्या हव्याच होत्या. मग तिच्या दोन बकऱ्या कुंताच्या नावावर घेतल्या आणि कुंताच्याच गोठ्यात बांधल्या. तीन वर्षं बिडीच्या पैशातून तिने हप्ते दिले. मागच्या दसऱ्याला सगळ्यांचं फिटलं, तिचंही. हे फक्त तिला, कुंताला आणि मला ठाऊक. चौथी ती वही.

आता मंडळाला शिलाई मशिनी हव्या आहेत आणि अर्जाला टाइप केलेली यादी लागते. गुलाब म्हणाला, “बाई, दे तुह्यी वही. मी टाइप करून देतो.”

मी बजावलं, यादीत बँकेच्या कागदासारखीच नावं टाक, बाजूला लिहिलेलं काही टाकू नको.

“मी का आता लहान आहो का, बाई?” तो हसला. हसला की अजूनही सहा वर्षांचाच दिसतो.

२० फेब्रुवारी

वही परत आली. यादी इतकी स्वच्छ टाइप केली आहे की हात लावायला भीती वाटते. तेवीस नावं, ओळीने. पार्वताचं नाव कुठेही नाही. पार्वताला दाखवली. तिला वाचता येत नाही, तरी तिने वरून खालपर्यंत बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “गुलाबची अक्षरं बी त्याच्यासारखीच आहेत वं, सरळ.”

मशीनची अक्षरं सगळ्यांची सारखीच असतात, हे तिला सांगितलं नाही.

११ मार्च

आज पोस्टमनची अर्धी पिशवी आमच्याच वस्तीत रिकामी झाली. मंडळाच्या बायकांच्या नावाने पाकिटं! ज्यांच्या नावाने जन्मात कधी कार्ड आलं नाही, त्यांच्या नावाने बंद पाकिटं. देवकाबाई तर पाकीट पदराखाली घेऊन आली, जसं काही अंडं उबवते आहे.

सगळ्या विहारात जमल्या आणि मी वाचून दाखवलं. अखिल भारतीय कर्ज-परतावा केंद्र, पोस्ट बॉक्स अमुक, कलकत्ता. मजकूर सगळ्यांचा एकच: आपण घेतलेल्या कर्जावर आपल्याकडून नियमापेक्षा जास्त व्याज वसूल झाले आहे. चौकशीअंती आपणांस तीनशे अठरा रुपये परत मिळणे आहे. दावा नोंदवण्यासाठी एकवीस रुपये मनीऑर्डरने पाठवावेत. खाली सही, सहीखाली गोल शिक्का. आणि पत्राच्या डोक्यावर चक्र छापलेलं.

“हे त आपलं चक्र आहे,” देवकाबाई म्हणाली. मग सगळ्यांनी आपापलं पत्र हातात घेऊन चक्र पाहिलं. दोघींनी कपाळाला लावलं.

मी घाईने हो म्हटलं नाही. दोन दिवस विचार करून सांगते म्हटलं. घरी येऊन ह्यांना पत्र वाचून दाखवलं. आमचे मंगरूबुवा पंक्चरचं रबर घासत होते. मान वर न करता म्हणाले, “बिना मागता पैसे देनारा मानूस मी त अजून पाह्यला नाई.”

ह्यांना सायकलच्या ट्यूबपलीकडचं काही दिसत नाही.

१२ मार्च

दुपारी पार्वता आली. सूप खाली ठेवलं, पण बसली नाही. चोळीतून एक पाकीट काढलं. तिच्या नावाचं. पार्वताबाई नत्थू, आणि आत तेच, आपण घेतलेल्या कर्जावर. नशीब की नत्थू मिलमध्ये होता आणि पोस्टमनने ते तिच्याच हातात दिलं.

“माह्यं नाव यायले कोनं सांगतलं?” तिने विचारलं.

मीही चमकले. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तिला समजावलं, की हाच तर पुरावा आहे. बँकेच्या कागदात तुझं नाव नाही, टाइप केलेल्या यादीत नाही, गावात कोणाला ठाऊक नाही, तरी ह्या लोकांनी शोधून काढलं. म्हणजे किती खोलवर चौकशी करतात बघ. साधी ठकवणारी कंपनी असती तर बँकेच्या यादीतली चार नावं उचलली असती. हे सरकारीच असणार.

पार्वता माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तू मनतेस त भरू.” आणि खाली बसून पान कापायला लागली. दुपारभर बोलली नाही. नत्थूला कळेल या भीतीने बिचारीचा जीव अर्धा झाला असेल.

मी आजच सगळ्यांना हो सांगितलं. ह्यांच्या शंकेचं उत्तर मला पार्वताच्या पाकिटात मिळालं.

२२ मार्च

गुलाबला पत्र टाकून विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं. ‘असं केंद्र आहे असं ऐकून आहे. भरायला हरकत नाही. मात्र या प्रकरणात माझं नाव कोणाजवळ घेऊ नये. नोकरीच्या माणसाला असल्या गोष्टीत पडता येत नाही.’ किती जपून राहतो. मी त्याला शिकवलं ते वाया गेलं नाही.

२ एप्रिल

चोवीसपैकी एकोणीस जणींनी पैसे दिले. मनीऑर्डरचे एकोणीस फॉर्म मीच भरले, बोटं दुखली. कुंताने कोंबड्या विकल्या. देवकाबाईने नातवाच्या बारशाचे ठेवलेले काढले. पार्वताने एकवीस रुपये सुट्टे आणले, चार-आठ आण्यांची नाणी रुमालात बांधून, आणि माझ्या हातात न देता माझ्या सुपात ठेवले. मी म्हटलं, पावती येईल तेव्हा तुला वाचून दाखवते. ती म्हणाली, “पावती नको मले.”

हा स्वभावच तिचा. विश्वास टाकला की टाकला.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक जोरात झाली. आमच्या मंडळाच्या बायका पांढऱ्या साड्यांत पुढे होत्या. चालता चालता तीनशे अठरात काय काय येईल हाच विषय. कुंताला छपरावर कवेलू बदलायचे आहेत. देवकाबाईला तिरोड्याला लेकीकडे जायचं आहे, तेही तिकीट काढून, फुकट नाही. पार्वताला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तर ती म्हणाली, “मले काई नको. तुले काय पायजे ते घे.” मी हसले.

६ मे

दुसरं पत्र आलं. सगळ्यांचे दावे मंजूर. पैसे सुटण्यासाठी स्टॅम्पखर्च पस्तीस रुपये पाठवावेत, एक महिन्याच्या आत, अन्यथा दावा बुडेल.

मलाही थोडी शंका आली. कबूल करते. पण एकवीस गेलेच आहेत, आता पस्तीस वाचवून तीनशे अठरा सोडायचे का? आणि मीच सगळ्यांना उभं केलं, मीच आता खाली बसा कसं सांगू? ह्यांना विचारलं. ते म्हणाले, “मले काहून इचारते? मी त ट्यूबवाला.” म्हणजे तो माझा टोमणा एवढे दिवस मनात धरून ठेवला होता.

अकरा जणींनी भरले. त्यांत पार्वताही. तिला मी खरं तर म्हटलं, राहू दे, तुझी ओढाताण होते. तर म्हणाली, “एवढ्यात होत असंल तुह्यं, त होऊ दे.” तिचं बोलणं आजकाल मला नीट लागत नाही. उन्हाचं डोकं दुखत असेल. आधी दुपारभर टकळी चालायची, आता बिड्यांचे कट्टे बांधून झाले की उठून जाते. पण येते रोज.

२६ मे, बुद्धपौर्णिमा

गुलाब आला. माझ्यासाठी पांढरी साडी आणली, निळ्या काठाची, मऊ सूत. मी लगेच नेसून विहारात गेले. बायका पदर चाचपून बघत होत्या. “भाऊ असावा त असा,” देवकाबाई म्हणाली. पार्वताने पदराला हात लावला नाही, लांबूनच बघितलं.

जेवायला बसलो तेव्हा मी उत्साहाने सांगितलं की दावे मंजूर झाले आणि अकरा जणींनी पस्तीस रुपये भरले. गुलाबचा घास हातातच राहिला.

“दुसऱ्यांदा कायले भरले? मले वाटलं एकदाच मांगतीन.”

मी म्हटलं, सरकारी काम आहे, स्टॅम्प लागणारच. त्याने ताटात पाणी सोडलं. पुरणाची पोळी तशीच राहिली, त्याची आवडती. ऊन लागलं म्हणाला. तेवढ्यात पार्वता दारात आली, तर हा मागच्या दाराने बस बघायला गेला. चारची बस असताना दोनला गेला. बहिणीच्या मंडळाचे पैसे अडकले तर काय, याची काळजी लागली असणार त्याला. लहानपणापासून असाच हळवा.

१९ जून

वाईट झालं. कसं लिहू?

पार्वताच्या घरी तिसरं पत्र आलं आणि नेमका नत्थू घरी होता, मिल बंद होती म्हणून. त्याने पोस्टमनकडूनच वाचून घेतलं. आपण बकऱ्यांसाठी घेतलेल्या कर्जाचा दावा, आणखी पन्नास रुपये न भरल्यास, रद्द. एकदा वाचायला लावलं, मग पुन्हा वाचायला लावलं. पार्वताने सगळं सांगून टाकलं.

नत्थूने हात उचलला नाही. ओरडला नाही. अंगणात तीन दगड मांडले आणि आपला भात आपण शिजवला. “तुह्या हातचं मी आता खानार नाई,” एवढंच म्हणाला. सव्वीस वर्षांच्या संसारात दोन चुली.

मी धावत गेले. म्हटलं, नत्थूभाऊ, कर्ज फिटलं आहे, एक पैसा बाकी नाही. तो चुलीत काडी सारत होता.

“फिटलं त फिटलं, बाई. तीन वर्सं माह्या घरात होतं ना? अना मी फोटोसमोर रोज हात जोडत होतो.”

पार्वता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

३ जुलै

कलकत्त्याला मी रजिस्टर पत्र टाकलं होतं, त्यात चांगलं खडसावलं होतं. ते आज परत आलं. असा कोणी नाही, असा शेरा.

म्हणजे ठकवलं. एकोणीस बायकांना, माझ्या हातून. फॉर्म माझ्या अक्षरात. मी ओट्यावर बसून रडले. ह्यांनी दुकान बंद केलं, दुपारची वेळ असून, आणि माझ्या बाजूला येऊन बसले. मला वाटलं आता म्हणतील, मी सांगत होतो. तसं म्हणाले नाहीत. पायाचं बोट खाजवत बसले, मग हळूच विचारलं, “पार्वताचं नाव कोठी कोठी लिहून आहे?”

मी म्हटलं, बँकेत नाही. यादीत नाही.

“मंग?”

वहीत.

“वही कोठी कोठी गेली?”

मी आतल्या पेटीकडे वळून बघितलं. ते उठले आणि चहा ठेवायला आत गेले, जे त्यांनी लग्न झाल्यापासून दोनदा केलं असेल.

माझ्याकडून वही फक्त एकदा दुसऱ्याकडे गेली आहे. मला अजूनही वाटतं दुसरं काही कारण असेल. बसमध्ये कोणी बघितली असेल. त्याच्या टेबलावर उघडी राहिली असेल. उद्या धानाच्या रोवणीला जायचं आहे, परवा जवाहरनगरला जाते. तो सांगेल काय झालं ते.

५ जुलै

सकाळच्या बसने गेले. गुलाबची बायको दारात होती, पाया पडली, पंखा लावला. गुलाब आतून आला, मला बघितलं, आणि बायकोला म्हणाला, जा, शेजारून साखर आण. घरात साखर होती. डबा माझ्यासमोरच होता.

मी काही विचारायच्या आधीच तो बोलला.

“बाई, मी फकत नावं देल्ली.”

मी पंख्याकडे बघत बसले.

मग तो भराभरा सांगत सुटला. एक माणूस आला होता, नागपूरचा, सुटातला. कर्ज घेतलेल्यांच्या याद्या हव्या म्हणाला. एका नावाला आठ आणे. काम पसंत पडलं तर अख्ख्या जिल्ह्याची एजन्सी देतो, नोकरी सांभाळून महिना दोनशे कुठे गेले नाहीत. आधी नमुन्याला एक यादी दे. त्याच आठवड्यात माझी वही त्याच्याकडे होती.

“मले वाटलं पैसे खरंच भेटतीन लोकायले. आईशप्पथ, बाई.”

मी विचारलं, पार्वताचं नाव का दिलंस? ते तर यादीतसुद्धा नव्हतं.

मी पुन्हा विचारलं. लहानपणी चोरी केली की जसा खाली बघायचा, तसा खाली बघून म्हणाला, “लपून कर्ज घेतलेल्या बाईचे दोन रुपये होते. तो मने, अशा बाया बोंबलत नाईत.”

तेवीस नावांचे साडेअकरा आणि पार्वताचे दोन. साडेतेरा रुपयांत गेलो आम्ही सगळे. एजन्सी मिळालीच नाही. तो सुटातला माणूस पुन्हा आलाच नाही. हे गुलाबने असं सांगितलं, जसं काही त्याच्यावरही अन्याय झाला.

मी म्हटलं, तुझ्या मॅट्रिकच्या फीला माझ्याकडे पैसे नव्हते तेव्हा पार्वताने आपले कट्टे माझ्या नावावर ठेकेदाराला दिले होते. आठवडाभर. तुला ठाऊक आहे ते. मीच सांगितलं होतं तुला.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, “पन बाई, भरा मनून मी त नाई सांगतलं कोनाले. तुह्याच शब्दावर भरले त्यायनं.”

खरं आहे. म्हणूनच ते इतकं लागलं. त्याने नावं विकली, पण पैसे काढले ते माझ्या शब्दाने. आणि त्याला हे नीट कळतं. मी शिकवलेला मुलगा आहे, हुशार आहे.

साडी पिशवीत नेली होती. पलंगावर ठेवली. तो म्हणाला, “ती त्या पैशाची नाई, बाई, माह्या पगाराची आहे.” मी म्हटलं, असेल. त्याची बायको साखर घेऊन येताना जिन्यात भेटली. चहा न घेता कशा जाता, म्हणाली. तिला काय सांगणार?

बसमध्ये सगळ्या वाटेने मी त्याची बाजू मांडत होते, मनातल्या मनात. पवनीच्या रस्त्याला लागेपर्यंत माझ्याजवळचे सगळे मुद्दे संपले.

८ जुलै

तीन दिवस रोवणीत आहे. चिखलात उभं राहून पऱ्हे लावायचे, कोणाशी बोलावं लागत नाही. ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, विहारात सांगायचं की नाही ते तू ठरव, गुलाब तुझा भाऊ आहे. ज्यांनी कधी गुलाबच्या कौतुकात हूं की चूं केलं नाही, ते आता हे ठरवायचंही माझ्यावरच सोडतात.

सांगितलं तर गुलाबची नोकरी जाऊ शकते. कोणी पोलिसात गेलं तर आणखी काही होईल. न सांगितलं तर सगळं कलकत्त्यावर ढकलता येईल. कलकत्ता लांब आहे, ते काही बोलायला येणार नाही. कालपासून मी हाच विचार करते आहे, आणि करते आहे याचीच लाज वाटते.

१० जुलै

सांगितलं.

रोवणीमुळे चौदा जणीच आल्या. पंचशील म्हटलं. चौथं, खोटं न बोलण्याचं, मी म्हटलं नाही, शेजारच्यांनी म्हणून टाकलं. मग मी उभी राहिले आणि वही समोर ठेवली. पत्रं खोटी होती. नावं माझ्या वहीतून गेली. वही माझ्या भावाने दिली. भरा असं मी सांगितलं. ज्यांचे गेले त्यांना मी दर आठवड्याला बिडीच्या मजुरीतून देत जाईन, वेळ लागेल. कोणाला पोलिसात जायचं असेल तर फिर्याद मीच लिहून देते, गुलाबच्या नावासकट.

देवकाबाई पदराने डोळे पुसत होती, नातवाच्या बारशासाठी की माझ्यासाठी कोण जाणे. कुंता म्हणाली, “फिर्याद राहू दे सध्या. रोवणी होऊ दे.” मग एक-एक उठून गेली. जय भीम प्रत्येकीने केला, पण खाली बघून.

पार्वता राहिली. मी तिच्यासमोर वही उघडली, ती ओळ काढली आणि म्हटलं, हे मी आता खोडून टाकते. लिहायलाच नको होतं. खरं लिहिण्याच्या हौसेने तुझं घर मोडलं.

तिने माझा हात धरला.

“खोडू नोको. तीन वर्सं मी हप्ते भरले. बँकेत कुंताचं नाव आहे, घरात माह्यं तोंड काळं आहे. मी फेडलं, हे तुह्या वहीशिवाय कोठी लिहून आहे?”

मी वही मिटली. बाहेर यायला निघालो, चपला घातल्या. मग ती चालता चालता, जसं काही पानाचा भाव सांगते आहे तशी, म्हणाली, “मले त ते पाकीट आलं त्याच दिवशी समजलं होतं, विमल. वही तुह्याच जवळ होती ना.”

मी थांबले. म्हणजे तुला गुलाबवर संशय होता?

“गुलाबचा इचारबी नाई आला मले. मी समजली तूच देल्लं माह्यं नाव. एवढी सातवी शिकलेली, तुले का समजत नसंल पत्र खोटं आहे मनून? मनलं, काई अडचन असंल हिची, सांगत नसंल. मनून भरले दोन्ही वक्ती.”

पावती नको मले. तुले काय पायजे ते घे. एवढ्यात होत असंल तुह्यं, त होऊ दे. सगळं या डायरीत आहे, माझ्याच अक्षरात, मागची पानं उलटून आत्ता वाचलं. मी तिला विश्वासू म्हटलं, उन्हाने डोकं दुखत असेल म्हटलं.

गुलाबने मला विकलं म्हणून मी चार दिवस चिखलात उभी राहून रडले. पार्वता माझ्याबद्दल हेच चार महिने धरून होती, आणि तरी रोज दुपारी सूप घेऊन माझ्या ओट्यावर येत होती.

मी विचारलं, “एकदा मले इचारलं काहून नाई?”

ती पुढे निघाली होती. नत्थूच्या चुलीचा धूर अंगणातून वर जात होता, तिची अजून पेटायची होती. वळून म्हणाली, “अना तू हो मनली असती त? मंग मी कोनाच्या वट्यावर बसली असती?”